झिलईची गुपिते खुली करणाऱ्या निर्मला पटवर्धन

आकुर्डी, प्रतिनिधी

कुंभाराच्या चाकाला स्त्रीने हात लावू नये, असा दंडक देशाच्या बऱ्याच भागांत पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. माती मळणे, भांडी वाळवणे, रंगवणे ही कामे बायकांची. चाक मात्र पुरुषाचे. अशा देशात संपन्न व्यापारी घरातल्या मुलीने चाकापुढे बसावे, हेच मुळी विलक्षण होते. मात्र निर्मला पटवर्धन यांचे वेगळेपण तेवढ्यावर संपत नाही. कारागीर सहसा शेजाऱ्यालाही सांगत नाही, ती झिलईची विद्या त्यांनी पुस्तकातून सर्वांपुढे ठेवली.

त्यांचे माहेर सिंधमधील हैदराबादचे. वडील भाई प्रताप दयालदास यांनी फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांसाठी कच्छमध्ये गांधीधाम वसविण्यात पुढाकार घेतला. शेजारच्या पिंपरीतील सिंधी वसाहत पाहत आलेल्या आकुर्डीकरांना त्या उलथापालथीची कल्पना वेगळी द्यायला नको. निर्मलाताईंचे कलाशिक्षण शांतिनिकेतनात झाले. पुढे जर्मनी व इंग्लंड येथे त्यांनी सिरॅमिकचे धडे घेतले. स्वातंत्र्यसैनिक रावसाहेब व अच्युतराव पटवर्धन यांच्या घराण्यात त्या सून म्हणून आल्या. माहितीपटकार आनंद पटवर्धन हे त्यांचे चिरंजीव.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. गारेतील सिलिका काच बनवते, मातीतील ॲल्युमिना ती काच ओघळू देत नाही आणि चुना किंवा पोटॅशसारखे द्रावक तिचा वितळणबिंदू खाली आणतात. आपल्या कुंभाराच्या आव्यात भांडे साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसला भाजते व सच्छिद्र राहते; माठातले पाणी गार होते ते त्यामुळेच. 'स्टोनवेअर'ला मात्र १२५० ते १३०० अंश लागतात. औद्योगिक पट्ट्यात पोलादाला पाणी देणाऱ्या भट्ट्यासुद्धा बहुधा ९०० अंशांच्या आसपासच चालतात, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची धग कळते.

उष्णतेइतकीच महत्त्वाची भट्टीतली हवा. प्राणवायू कमी पडला, की झिलईतले तेच तांबे हिरव्याऐवजी लाल होते आणि लोह पिवळट-तपकिरी रंग सोडून समुद्रासारखी हिरवट-निळी छटा धरते. राखेचेही असेच आहे. लाकडाच्या राखेत चुना अधिक, भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका. एकीच्या जागी दुसरी घातली तर सगळे गणित बिघडते.

परदेशी पुस्तकातली कृती येथे जशीच्या तशी उतरत नाही, याचे कारण हेच. फेल्डस्पारचे रासायनिक प्रमाण खाणीगणिक बदलते. मग थोडा थोडा फरक करून तुकडे भाजायचे, वह्यांत नोंदी ठेवायच्या, पुन्हा भाजायचे, याला पर्याय नाही. हे काम किती कंटाळवाणे असते, ते करणाऱ्यालाच ठाऊक! असा अनुभव गाठीशी बांधून त्यांनी 'हँडबुक फॉर पॉटर्स' लिहिले. १९८४ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि स्टुडिओत काम करणाऱ्या भारतीय कलावंतांना इथल्या मालमसाल्याला धरून मार्ग दाखवणारे पुस्तक मिळाले. पुढे त्याची 'न्यू हँडबुक फॉर पॉटर्स' ही नवी आवृत्तीही निघाली.

निर्मलाताई आज हयात नाहीत. मात्र पती बाळू पटवर्धन यांच्यासह त्यांच्या उतारवयातील दिवसांचे चित्रण आनंद यांच्या २०२३ मधील 'वसुधैव कुटुंबकम्' या माहितीपटात पाहायला मिळते.