टर्बो : फुकटची ताकद आणि तिचा हिशेब

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या यंत्रावर लेख लिहायचा म्हटल्यावर संपादक मंडळातले मित्र हसले. 'कविता दे, नाहीतर प्रवासवर्णन दे,' असा त्यांचा आग्रह होता. पण मला कविता येत नाही, आणि प्रवास म्हणाल तर सातारा ते महाबळेश्वर एवढाच. तोही बहुधा मामांच्या गॅरेजमधल्या गाडीची ट्रायल घेताना, त्यांच्या शेजारी बसून. तेव्हा जे हातांनी केले, डोळ्यांनी पाहिले आणि ज्याची किंमत आमच्या घराने मोजली, त्याविषयीच लिहितो.

विषय आहे टर्बो असलेल्या गाडीची ताकद घरच्या घरी वाढवण्याचा. हल्ली हा विषय कॉलेजच्या कॅन्टीनमध्येही निघतो. 'अरे, एक चिप बसव, गाडी नुसती पळते बघ,' असे छातीठोकपणे सांगणारा मित्र प्रत्येकाला एक तरी असतोच. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते. पण ते अपुरे असते. ते पुरे करण्यासाठी आधी टर्बो म्हणजे काय, हे पाहावे लागेल.

इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. पिस्टन खाली जाताना स्वतःच्या ओढीने जेवढी हवा आत येईल, तेवढ्याच हवेत इंधन जळणार. इंधन जास्त घालणे सोपे असते, पण ते जाळायला हवा हवी. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे ताकद वाढवायची तर खरा प्रश्न इंधनाचा नसून हवेचा आहे. दुसरीकडे, इंधनातल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भाग धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर फेकला जातो. ही वाया जाणारी शक्ती टर्बो कामाला लावतो. एकाच दांडीच्या दोन टोकांना दोन छोटी चाके असतात. बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकाला फिरवतो. त्याबरोबर दुसरे चाक फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते.

ऐकायला हे फार साधे वाटते. पण आपल्या डोक्यावरचा पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेरे घेतो, तर लहान मोटारीच्या टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते! ती बहुतेक गाड्यांत इंजिन ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरते. हा थर तुटला की काही क्षणांत लोखंडाला लोखंड घासते. टर्बोचे आयुष्य म्हणजे त्या ऑईलचे आयुष्य, असे मामा म्हणतात ते यासाठीच.

हवा दाबली की तापते, ही दुसरी गोष्ट. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तीस अंश तापमानाची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे सव्वाशे अंशांपर्यंत तापते. गरम हवा विरळ असते, म्हणून दाब दुप्पट झाला तरी हवा भरते ती जेमतेम दीडपट. यासाठी वाटेत इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, बसवतात. त्याने हवा साठ अंशांवर आणली, तर तीच भरती सुमारे १.८ पट होते. गंमत अशी की, इंजिनाच्या ताकदीचा प्रश्न फिरून फिरून उष्णतेच्या प्रश्नाशी येऊन थांबतो.

ही कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चार हजार मीटरहून उंच डोंगरावर नेऊन टर्बोची चाचणी घेतली. विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकते, हे त्याला पाहायचे होते आणि ते दिसले. महाबळेश्वर त्या मानाने ठेंगणे, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीचे. तरी तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. टर्बोची गाडी आमच्या घाटांत साध्या गाडीपेक्षा कमी दमते, त्याचे एक कारण हेच.

साध्या मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये अमेरिकेत. त्यांपैकी ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीची कथा बोधप्रद आहे. पेट्रोल इंजिनात दाब आणि उष्णता वाढली की मिश्रण ठिणगीच्या ताब्यात न राहता आपोआप पेट घेते आणि इंजिनातून टकटक आवाज येऊ लागतो. मेस्त्री लोक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. हे टाळण्यासाठी त्या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून हवेत फवारले जाई. टाकी भरत राहणे मालकाचे काम होते. मालक विसरू लागले! पुढे कंपनीने अनेक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवून दिला. यंत्र हुशार होते. पण ते वापरणाऱ्याच्या सवयींचा हिशेब त्यात चुकला होता. पुढे १९७७-७८ च्या सुमारास स्वीडनच्या साब कंपनीने बेताचा दाब आणि तो मर्यादेत ठेवणारी झडप यांवर भर देऊन टर्बोला रोजच्या वापराची गाडी मिळवून दिली. सुधारणा झाली ती ताकदीला लगाम घातल्याने, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. आजच्या गाडीत किती दाब द्यायचा आणि किती इंधन सोडायचे, हे एक लहानसा संगणक ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. ताकद वाढवण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे ईसीयूमधले आकडेच बदलणे. याला 'रीमॅप' म्हणतात. दुसरी म्हणजे तारांच्या मध्ये एक छोटी पेटी जोडणे. डिझेल गाडीत ही पेटी बहुधा संगणकापुढे खोटी साक्ष देते. इंधनाच्या नळीतला दाब खरा असतो त्यापेक्षा कमी आहे, असे ती सांगते. संगणक बिचारा विश्वास ठेवून दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जाते.

कोणी म्हणेल, कंपनीनेच एवढी ताकद का दिली नाही? आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेला एक शब्द इथे उपयोगी पडतो : राखीव निधी. भेसळीचे इंधन, मे महिन्यातले ऊन, घाट, जादा ओझे, वेळेवर ऑईल न बदलणारा मालक या साऱ्यांसाठी कंपनी थोडी शिल्लक ठेवते. ट्यूनिंग करणारा नवी ताकद निर्माण करत नाही. तो ही शिल्लक खर्च करतो. आपल्याकडे खूप चाललेल्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचे उदाहरण पाहा. स्विफ्टमध्ये ते सुमारे ७५ अश्वशक्ती देई आणि अर्टिगात सुमारे ९०. 'इंजिन तेच, म्हणजे फरक नुसत्या आकड्यांचा,' असे पुष्कळांना वाटते. पण ९० च्या इंजिनावर टर्बोच वेगळा होता. त्याच्या पात्यांची दिशा वेगानुसार बदलत असे. कंपनीने शिल्लक मोडली नव्हती, भांडवल वाढवले होते.

हे शहाणपण मला आज सुचते आहे. दोन वर्षांपूर्वी ते नव्हते.

माझा दादा टुरिस्ट गाडी चालवतो. गाडी जुनी घेतलेली, टर्बो डिझेल. हळूहळू तिचा पिकअप कमी झाला. पाच प्रवासी आणि सामान घेऊन केळघर घाट चढताना ती दमू लागली. मामांना विचारले तर ते गाडी दोन दिवस ठेवून घेतील आणि हंगामातले भाडे बुडेल, म्हणून दादाने शहरातल्या एका दुकानातून पेटी आणली. ती बसवताना टॉर्च मी धरली होती. त्याच वेळी खालच्या हवेच्या होज पाईपावर तेलकट डाग मला दिसला. मी तो फडक्याने पुसून टाकला. कशाचा आहे, हे विचारलेही नाही.

पहिला महिना मजेत गेला. गाडी खरोखर पळू लागली. मग चढावर काळा धूर दिसू लागला. त्यानंतर क्लच सुटू लागला. आवाज वाढे, पण वेग वाढत नसे. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी घाटात शिट्टीसारखा आवाज चढत चढत भोंग्यासारखा झाला, मागे निळसर धुराचा लोट उठला आणि गाडीतला जीवच गेला. दादाने तत्काळ गाडी कडेला घेऊन बंद केली. प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिले. रात्री गाडी ओढून मामांच्या दारात आणली.

मामांनी टर्बो उघडला. दांडी ढिली झाली होती आणि चाकाची पाती घराला घासून झिजली होती. मग त्यांनी तो होज पाईप काढून माझ्या हातात दिला. खालच्या बाजूला, क्लिपेजवळ, दोन बोटे लांबीची चीर होती. मी पुसलेला डाग तिथलाच.

"गाडी मागत हुती हवा, आन् तुमी पाजलं डिझेल," मामा एवढेच म्हणाले.

मग त्यांनी समजावले. दाबलेली हवा चिरेतून निसटत होती, म्हणून पिकअप गेला होता. दाब भरून काढायला संगणक टर्बोला अधिकच पळवत होता. त्यात आम्ही डिझेल वाढवले. हवा अपुरी, त्यामुळे काळा धूर आणि धुराचे तापमान वाढलेले. तापलेला टर्बो, प्रमाणाबाहेर फेरे आणि घाट चढून आल्याबरोबर दादाची इंजिन बंद करण्याची सवय. दांडीवरचे ऑईल तिथेच करपले. दादाने गाडी लगेच थांबवली, हे नशीब. टर्बोतून गळणारे इंजिन ऑईल डिझेल इंजिन इंधन म्हणून पिऊ लागले, तर किल्ली काढली तरी ते बंद होत नाही. स्वतःचा नाश होईपर्यंत पळत सुटते.

त्या हंगामाची कमाई टर्बो आणि क्लचमध्ये गेली. माझी त्या सत्राची फी आईने बचत गटातून कर्ज काढून भरली. होज पाईपाची किंमत त्या फीपेक्षा कितीतरी कमी होती.

तर मग घरी काही करूच नये काय? पुष्कळ करता येते. फक्त क्रम उलटा हवा. आधी मोजावे : तोच चढ, तेवढेच वजन, तोच गेअर, आणि किती सेकंद लागतात ते वहीत लिहावे. मग एअर फिल्टर पाहावा. हवेचे सगळे होज पाईप सोडून, वाकवून, खालच्या अंगाने पाहावेत. गळती शोधायची तर थंड, बंद इंजिनावर एअर फिल्टरकडच्या नळीला झाकण लावून अर्धा बारपर्यंतच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी टाकावे. बुडबुडे उठतील तिथे चोर सापडला. इंटरकूलरच्या जाळीतला चिखल आणि किडे हलक्या पाण्याने धुवावेत. टर्बोची दांडी बोटांनी हलवून पाहावी : बाजूला किंचित हालचाल असणारच, पण पाते घराला टेकत असेल किंवा दांडी आत-बाहेर सरकत असेल, तर मेस्त्रीकडे जावे. ऑईल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे वापरावे आणि मुदतीआधी बदलावे. सकाळी सुरू केल्याबरोबर गाडी ताणू नये. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवावे, म्हणजे वाहते ऑईल टर्बोची उष्णता घेऊन जाते. एवढे केल्यावर पुन्हा तोच चढ मोजावा. हरवलेली ताकद बहुतेक वेळा इथेच परत मिळते.

यापुढे जाणाऱ्याने कायदाही वाचावा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वॉरंटी आणि विमा यांचे भांडण वेगळेच. शिवाय ताकद वाढली म्हणजे क्लच, ब्रेक आणि टायर यांच्यावरचा भारही वाढला. त्यांना कोणी पेटी बसवत नाही.

ती पेटी अजून मामांच्या गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. कोणी मुलगा चिप बसवायला आला की मामा काही बोलत नाहीत. पेटीशेजारी टांगलेला फाटका होज पाईप काढतात, त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "हे बघ, आन् पहिलं तुझ्या गाडीचं दाखव."

दादा आता घाटाच्या माथ्यावर पोहोचला की मिनिटभर इंजिन चालू ठेवून बसतो. प्रवासी विचारतात, 'काय झालं हो?' तो म्हणतो, 'काही नाही, जरा दम खाऊ द्या तिला.' मीही गेल्या सुट्टीत गॅरेजमध्ये असताना एका गाडीच्या नळीवर तेलकट डाग पाहिला. फडके हातात होते. पण आधी मामांना हाक मारली.