उन्हाळा, जुना संगणक आणि वाढवलेला वेग

करकंब परिसरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात ‘ओव्हरक्लॉक’ केलेला, म्हणजे प्रोसेसरचा वेग वाढवलेला जुना संगणक मध्येच बंद पडू लागतो. लगेच व्होल्टेज वाढवू नका. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० टक्के व्होल्टेजला सुमारे २१ टक्के. आधी धूळ काढा, वाळलेली थर्मल पेस्ट बदला. तरीही अडखळला तर संशय रॅमवर घ्या. इंटेलच्या ‘क्यू६६००’मध्ये बसचा वेग २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झ केला की प्रोसेसर २.४ वरून ३ गिगाहर्ट्झवर जातो, पण त्याच बसला बांधलेली रॅमही पळू लागते. तिचा वेग बायोसमधून उतरवा आणि ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवा. निळा पडदा परवडला, तो निदान दिसतो. हिशेबाच्या फाइलमधला आकडा गुपचूप बदलला तर पत्ताही लागत नाही. चाचणी होईपर्यंत तिची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.