तान्ह्या बाळाला ऐकू येते का?

डोळे तपासणारे डॉक्टर अक्षरांचा तक्ता दाखवून “वाचा” म्हणतात. पण दोन दिवसांच्या बाळाला ऐकू येते की नाही, हे कसे ओळखायचे? टाळी वाजवली आणि ते दचकले नाही, तर कदाचित ते गाढ झोपेत असेल! त्यामुळे पूर्वी कित्येक मुलांचे बहिरेपण बोलण्याचे वय उलटल्यावरच ध्यानात येई. भाषा शिकण्याची मोलाची वर्षे तोवर वाया गेलेली असत. जन्मतः कमी ऐकू येणारी बालके हजारात एक-दोन तरी असतात.

ही अडचण दूर झाली ती एका नवलाच्या शोधामुळे. १९७८ साली लंडनमधील डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की, आपला कान आवाज ऐकतो, तसा तो स्वतः आवाज करतोही! त्यांनी कानात ‘टक्’ असा आवाज सोडला आणि नाजूक मायक्रोफोनने कानोसा घेतला. सुमारे एक शतांश सेकंदाने क्षीण प्रतिध्वनी आला.

हा पडद्यावरून परतलेला साधा प्रतिध्वनी नसेल कशावरून? गणित करून पाहू. कानाची नळी सुमारे २.५ सेंमी. जाऊन-येऊन ५ सेंमी. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. म्हणजे साधा प्रतिध्वनी ०.०००१५ सेकंदात यायला हवा. हा तर साठ-सत्तरपट उशिरा आला! तेव्हा तो आतून, गोगलगाईच्या शंखासारख्या कर्णावर्तातून आला असला पाहिजे. तेथील बाह्य केशपेशी आवाजाच्या तालावर आखडतात व लांबतात. झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा, तशी त्या कंपनांना बळकटी देतात. त्यातलीच थोडी ऊर्जा उलट बाहेर येते.

आज झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवून ही तपासणी काही मिनिटांत होते. प्रतिध्वनी मिळाला, तर केशपेशी काम करीत आहेत. न मिळाला, तरी घाबरायचे नाही. जन्मावेळचा द्रवही आड येतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात. मात्र पुढची श्रवणनस ठीक आहे का, हे यातून कळत नाही. त्यासाठी डोक्याला विद्युतअग्रे लावून वेगळी चाचणी घेतात.

आणि कान साथ देत नसेल तर? त्वचेची मदत घेता येते. गळ्यावर बोटे ठेवून ‘प’ आणि ‘ब’ म्हणा. ओठांची हालचाल सारखीच, पण ‘ब’ म्हणताना कंप लवकर जाणवतो! स्पर्शावर चालणाऱ्या श्रवणयंत्रात हेच तत्त्व असते. यंत्र आवाजाचे उंच-नीच भाग वेगळे करते आणि प्रत्येक भागासाठी त्वचेवर वेगळ्या जागी कंपक थरथरतो. कर्णावर्तही असेच करते, प्रत्येक कंप्रतेला तेथे आपली जागा असते. पण त्वचेला फार तर हजारभर हर्ट्झपर्यंतची कंपने कळतात, कानाला वीस हजारांपर्यंतची. म्हणून असे यंत्र ओठवाचनाला जोड देते, कानाची जागा घेत नाही.

श्रवणयंत्र असो, शस्त्रक्रियेने बसवलेले कर्णावर्त-रोपण असो की हातांची खूणभाषा असो, लवकर सुरुवात झाली तरच लाभ मोठा. म्हणून तुमच्या घरी किंवा शेजारी बाळ जन्मले, तर जरूर विचारा, “बाळाचा कान तपासला का?”