सुपरहेटरोडाइन : जुन्या रेडिओ-टीव्हीचा गाभा

आधीचे टप्पे : फ्लेमिंगचा डायोड व्हॉल्व्ह, १९०४. डी फॉरेस्टचा तीन अग्रांचा ऑडिऑन, १९०६. एडविन आर्मस्ट्राँगचे रीजनरेटिव्ह सर्किट, १९१२. त्यात वर्धित संदेशाचा काही भाग पुन्हा व्हॉल्व्हकडे वळवला जाई. एकाच व्हॉल्व्हमधून मोठे वर्धन मिळे. पण वळवलेल्या भागाची मात्रा जरा वाढली की संच शिट्टी घाली आणि शेजारच्या रेडिओतही खरखर उठे.

सुपरहेटरोडाइनचा शोध : १९१८, पॅरिस. आर्मस्ट्राँग तेव्हा अमेरिकी सैन्यात होते. घरगुती संच १९२४पासून बाजारात.

तत्त्व : स्टेशन कोणतेही असो, त्याची वारंवारता आधी एका ठरावीक वारंवारतेत बदलायची. वर्धन आणि गाळणी मुख्यतः तिथेच. मध्यम लहरींच्या संचांत ही वारंवारता बहुधा ४५५ किलोहर्ट्झ.

उदाहरण : स्टेशन १००० किलोहर्ट्झवर. संचातील ऑसिलेटर १४५५वर. मिक्सरमध्ये दोहोंतील फरक मिळतो : ४५५. गँग कंडेन्सरमुळे एकच बटण फिरवून स्टेशन निवडणारे आणि ऑसिलेटरचे अशी दोन्ही मंडले एकत्र जुळतात.

उणीव : १९१० किलोहर्ट्झच्या संदेशाचाही ऑसिलेटरशी फरक ४५५च. ही प्रतिमा वारंवारता. ती मिक्सरच्या आधीच्या ट्यून मंडलातच अडवावी लागते.

टीव्हीत : तत्त्व तेच. चित्र मात्र रेषारेषांनी उमटते : ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. दर रेषेनंतर पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉन किरण वेगाने मागे फिरतो. त्या क्षणी फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमध्ये उठणाऱ्या स्पंदांतून पिक्चर ट्यूबसाठी हजारो व्होल्ट दाब तयार होतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, ते याच ६२५ रेषांच्या पद्धतीवर.