यादीच्या तळाची नावं

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कोटीच्या दोन-चार बोली ठळक छापून येतात. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातल्या कबड्डीच्या जाणकारांना त्या बोलींवर बोलण्यासारखं फार काही उरत नाही. कोटीचा खेळाडू सगळ्यांनी पाहिलेला असतो. वाद रंगतो तो मूळ किमतीलाच गेलेल्या 'ड' गटातल्या कोपरारक्षकावर आणि 'नवोदित तरुण खेळाडू' म्हणून संघात घेतलेल्या मुलांवर. हा वाद रिकामटेकडा वाटला तरी त्यात लीगचं अर्थशास्त्र आणि गावाची एक जुनी काळजी अशा दोन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

आधी अर्थशास्त्र पाहू. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावातली सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती, पाटणा पायरेट्सने राकेश कुमारसाठी लावलेली. २०१८ मध्ये मोनू गोयतने कोटीचा आकडा ओलांडला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये, दहाव्या हंगामाच्या लिलावात, तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. त्या वर्षी प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा होती ५ कोटींची. खेळाडूंच्या मूळ किमती अ गटाला ३० लाख, ब गटाला २०, क गटाला १३ आणि ड गटाला ९ लाख अशा होत्या.

आता गणित मांडून पाहा. पाच कोटींतले अर्ध्याहून अधिक एकाच चढाईपटूवर गेले, तर उरतात २ कोटी ४० लाखांच्या आत. संघात किमान अठरा जण हवेत, म्हणजे बाकीच्यांच्या वाट्याला सरासरी चौदा लाख. मैदानात सात जण उतरतात आणि त्या हंगामात साखळीत एकेका संघाचे बावीस सामने होते. कोणाचा गुडघा दुखावतो, कोणाचा घोटा. अशा वेळी राखीव बाकावरचा नऊ लाखांचा मुलगा डाव्या कोपऱ्यात उभा राहतो आणि हंगामाचं भवितव्य त्याच्या पकडीवर येऊन ठेपतं. पवन जीव तोडून खेळला, तरी टायटन्स त्या हंगामात बारा संघांत शेवटचे आले.

त्याच हंगामाचा विजेता पुणेरी पलटण. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. या विजयावरून 'महागडे खेळाडू घेऊच नयेत' असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल, कारण इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी पुण्यानेही २ कोटी ३५ लाख मोजले होते. फरक होता तो बाकीच्या संघात. कर्णधार अस्लम इनामदार आणि त्याचा साथीदार मोहित गोयत हे दोघेही नवोदित म्हणून घेतलेले आणि संघातच वाढलेले. तळाची निवड आधीच्या वर्षांत नेमकी झाली होती, म्हणून वरचा खर्च परवडला. दबंग दिल्लीचा नवीन कुमारही असाच नवोदितांतून आला आणि पुढे आठव्या हंगामात दिल्लीच्या विजेतेपदाचा मानकरी ठरला.

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये नव्या खेळाडूंसाठी बोली लागत नाही. तिथे संघ पाळीपाळीने सात फेऱ्यांत खेळाडू निवडतात आणि सर्वांत कमकुवत संघाला पहिला मान मिळतो. २००० साली टॉम ब्रेडीची निवड सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर झाली होती. तेव्हापासून तिथला प्रत्येक चाहता शेवटच्या फेऱ्यांत पुढचा ब्रेडी शोधत असतो. आपल्याकडच्या चाहत्याचं कुतूहलही त्याच जातीचं आहे. पण रायगडच्या किनाऱ्यावर त्याला एक वेगळी बाजू आहे.

भाताची कापणी उरकली की इथे फक्कीने आखलेल्या मैदानांवर, दिव्यांच्या झोतात, गावोगावच्या मंडळांच्या स्पर्धा सुरू होतात. दोरीपलीकडे बसलेला माणूस पोरांना किशोर गटापासून पाहत आलेला असतो. हा बोनसच्या मोहात पाय लांबवतो, तो घोट्याची पकड आधी दाखवून फसतो, तिसऱ्या चढाईला याचं काळीज हलतं, हे त्याला तोंडपाठ असतं. मातीवर अनवाणी खेळणारा मॅटवर बूट घालून किती वेगाने वळेल, हा खरा प्रश्न. त्यावर पारावर जो खल होतो, तो व्यावसायिक निवड समितीच्या बैठकीपेक्षा फार वेगळा नसावा.

वेगळी बाजू इथूनच सुरू होते. या किनाऱ्याचा स्वतःचा संघ नाही. निष्ठा मुंबईच्या यू मुम्बाशी किंवा पुण्याच्या पलटणीशी. त्या संघाचा चाहता म्हणून माणूस म्हणतो, 'पोरगा स्वस्तात मिळाला.' आणि शेजारच्या गावचा काका म्हणून तोच पुढे म्हणतो, 'पोराला कमी मिळाले.' दोन्ही वाक्यं खरी आहेत, कारण ती एकाच रकमेबद्दल आहेत. नवोदिताला संघ लिलावाबाहेर राखून ठेवू शकतो. संघाचा यात फायदा असतो. पण जोवर तो राखलेला आहे, तोवर खुल्या बोलीत त्याची खरी किंमत ठरतच नाही. आपण ज्याला संघाची हुशारी म्हणून दाद देतो, ती अनेकदा त्या मुलाने सोसलेली सूट असते.

म्हणून जाणत्या मंडळींच्या चर्चेत दुसरा प्रश्न हटकून येतो: नोकरीचं काय? रेल्वे, पोलीस, बँका, बंदर यांच्या संघांतून खेळाडू-भरतीने मिळालेल्या नोकरीवर महाराष्ट्रातल्या कबड्डीपटूंच्या कित्येक पिढ्यांनी संसार उभे केले. लीगचा करार मोठा दिसला तरी हंगामापुरता असतो आणि गुडघा एकदा गेला की पुढच्या लिलावात नाव पुकारलं जाऊनही हात वर होत नाही. यादीच्या तळाच्या नावाला पदवी पुरी करायला सांगणारा, भरतीची तारीख विचारणारा चाहता खेळाचा रसभंग करत नाही. कोटीच्या आकड्यांत न दिसणारा हिशेब तो मांडत असतो. लीगने आपल्या मुलांना दूरचित्रवाणीवर आणलं, ही मोठी गोष्ट आहे. पण नऊ लाखांच्या मुलाला तिशीनंतर काय उरतं, याचं उत्तर लिलावाच्या कोणत्याही गटात अजून लिहिलेलं नाही.