माती थांबते, काच थांबत नाही

पेणच्या कोणत्याही गणपती कारखान्यात गेले, तर तिथे शिकण्याची वेगळी सोय केलेली दिसत नाही. फळा नाही, प्रवेशाचा अर्ज नाही, वेळापत्रक नाही. एका कोपऱ्यात शाडू मळला जात असतो, दुसरीकडे साच्यातून मूर्ती निघत असते, कोणी हात जोडत असतो, कोणी पॉलिश कागदाने अंग गुळगुळीत करत असतो आणि उजेडाच्या बाजूला बसून एखादा जाणता कारागीर डोळ्यांची आखणी करत असतो. घरातले मूल आधी मातीचा गोळा हातात घेते, मग उंदीर करते, मग रंगाच्या वाट्या धुते, आणि दहा-बारा वर्षांनी केव्हातरी त्याच्या हाती डोळ्यांचा कुंचला येतो. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या आसपासच्या गावांत एवढा मोठा धंदा अशा न दिसणाऱ्या शाळेवर उभा आहे.

ही शाळा चालते, कारण माती थांबते. अर्धवट मूर्तीवर ओले फडके टाकले, की ती उद्या सकाळपर्यंत तशीच राहते. चुकलेला हात मोडून पुन्हा लावता येतो. शिकाऊ पोराच्या चुकीची किंमत म्हणजे मूठभर माती आणि थोडा वेळ. म्हणूनच हे शिक्षण घराच्या पडवीत, संसाराच्या जोडीने होऊ शकते.

काचेचे तसे नाही. काच फुंकण्याची कला घराघरांतून का पसरली नाही आणि ती शिकवण्यासाठी महाराष्ट्राला एके काळी लोकांकडून एकेक पैसा का गोळा करावा लागला, हे समजून घ्यायचे तर काचेच्या स्वभावापासून सुरुवात करावी लागते.

काच म्हणजे मुख्यतः वाळू, म्हणजेच सिलिका. शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्यात सोडा मिसळला की हे तापमान बरेच खाली येते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुना घालावा लागतो. खिडकीची तावदाने, बाटल्या, बांगड्या या सगळ्या साधारण याच सोडा-चुन्याच्या कुळातल्या. वाळूही कोणतीही चालत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या काळपट वाळूत लोहाचा अंश फार, आणि लोहाने काचेला हिरवट झाक येते. कोकणात काचेजोगी सिलिका वाळू मिळते ती दक्षिणेला, सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात.

काचेचा खरा चमत्कार वितळण्यात नाही, निवण्यात आहे. बर्फाचे पाणी एका ठरावीक तापमानाला होते; काचेला असा ठाम बिंदू नाही. ती १,१०० अंशांच्या आसपास पातळ मधासारखी असते, उतरत्या तापमानाबरोबर काकवीसारखी दाट होत जाते आणि ७०० अंशांच्या सुमारास हाताला जुमानेनाशी होते. कारागिराचे सगळे काम या मधल्या पट्ट्यात चालते. भट्टीबाहेर काढलेला गोळा थोड्याच वेळात घट्ट होतो, मग तो पुन्हा आचेत धरायचा, पुन्हा काम करायचे. काम संपले तरी सुटका नाही. भांडे उघड्यावर ठेवले तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागाहून, आणि या ओढाताणीत ते काही मिनिटांनी किंवा काही दिवसांनी तडकते. म्हणून ते सुमारे ५०० अंशांच्या वेगळ्या भट्टीत ठेवून तासन्‌तास सावकाश निववावे लागते. कारखान्यांतला यासाठीचा शब्द ॲनीलिंग.

फुंकण्याचे तंत्र सांगायला सोपे आहे. लोखंडी पोकळ नळीचे टोक वितळलेल्या काचेत बुडवून फिरवायचे, म्हणजे मधाचा चमचा फिरवावा तसा गोळा नळीला चिकटतो. तो सपाट लोखंडी पाट्यावर लोळवून सारखा करायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचे. नवशिक्याला वाटते, सगळे बळ फुप्फुसांचे. प्रत्यक्षात हलकी फुंकर मारून नळीचे तोंड अंगठ्याने दाबले, तरी आत कोंडलेली हवा उष्णतेने प्रसरण पावून बुडबुडा तयार करते. अवघड असते ते नळी सतत फिरवत राहणे. क्षणभर हात थांबला, की काच स्वतःच्या वजनाने एका बाजूला ओघळते. शिवाय एका माणसाला सगळे करता येत नाही. भांड्याचे तोंड घडवायचे तर दुसऱ्याने तापवलेली भरीव सळई आणून बुडाला चिकटवावी लागते, मग पहिली नळी झटका देऊन सोडवायची. एक जण बसून घडवतो, दुसरा फुंकतो, तिसरा निववण्याच्या भट्टीचे दार उघडून उभा राहतो. ही कला एकट्याने पुस्तकावरून शिकण्याची नव्हे.

आणि मुख्य अडचण भट्टीची. काचेची मूस एकदा तापवली, की ती घाईने थंड करता येत नाही, मूसही तडकते आणि आतली काचही. कच्चा माल वितळून त्यातले बुडबुडे निघून जायलाच कित्येक तास लागतात. म्हणून भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवतात. कारागीर झोपला असताना, सणावाराला सुटी असताना, शिकाऊ मुलगा तापाने घरी पडला असताना इंधन जळतच राहते. नवशिक्याने फोडलेली काच वाया जात नाही, ती परत भट्टीत टाकली की उलट नवा माल लवकर वितळतो. वाया जाते ती आच. काच शिकवण्याचा खर्च म्हणजे आगीचा खर्च, आणि तो एका घराला पेलणारा नाही.

या एका गोष्टीने भारतातल्या काचेच्या इतिहासाला वळण दिले असावे, असे मला वाटते. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी असलेले चौल हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात सेमिल्ला या नावाने येते. त्याच ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. फुंकण्याचा शोध त्यापूर्वी फार तर शतकभर आधी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर लागला होता. म्हणजे ज्या जगात ही कला जन्मली, त्या जगाशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार चालू होता. तरीही इथे काचेचे काम झाले ते प्रामुख्याने मण्यांचे आणि बांगड्यांचे. पुरातत्त्वज्ञ मो. गं. दीक्षित यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ १९६९मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. या देशात काच किती जुनी आहे आणि तिची किती रूपे आहेत, हे त्यातून उलगडते. पण फुंकलेली भांडी ठळकपणे दिसू लागतात ती बरीच उशिरा, मुघल काळात.

मणी आणि बांगडी यांत आगीची वाटणी करता येते. फिरोजाबादची पद्धत पाहा. मोठ्या भट्टीतून ओढलेला काचेचा धागा फिरत्या दांडीवर गुंडाळून त्याचे वेटोळे करतात, ते कापले की तोंड उघडी असलेली कडी सुटतात. इथपर्यंतचे काम कारखान्यात. पुढे ही कडी वस्त्यांमध्ये जातात आणि घरोघरी, बहुतेक बायकांच्या हातांनी, छोट्या ज्योतीवर त्यांची तोंडे जुळवली जातात. या कामाला तिथे जुडाई म्हणतात. छोटी ज्योत घरात येऊ शकते, मोठी भट्टी येऊ शकत नाही. जे काम छोट्या ज्योतीवर होते ते घराण्यातून उतरले. ज्याला मोठी आग लागते ते दरबाराकडे किंवा शेटजीकडे राहिले.

महाराष्ट्रात या कोंडीवर तिसरा मार्ग निघाला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली, की देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने एक पैसा द्यावा. रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होत. हिशेब केला तर ६४ माणसांनी मिळून एक रुपया, ६४,००० माणसांनी मिळून एक हजार. देशातल्या सुमारे ३० कोटी लोकांनी एकेक पैसा दिला असता तर जवळजवळ ४७ लाख रुपये उभे राहिले असते. तेवढे अर्थातच उभे राहिले नाहीत. पण लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाल्यावर पैसा फंडाला चळवळीचे रूप आले आणि १९०८मध्ये तळेगाव दाभाडे येथे फंडाचा काच कारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची मंडालेला रवानगी झाली. त्याच तळेगावातले प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय सरकारने १९१०मध्ये बंद पाडले. काच कारखाना मात्र टिकला.

काच का निवडली, याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. कंदिलाची चिमणी, दिव्याचे गोळे, बाटल्या, बांगड्या, सगळे बाहेरून येत होते, आणि प्रत्येक घरात लागत होते. अडचण होती ती फुंकणाऱ्या हातांची. कारखाना काढणाऱ्याने भांडवल आणले तरी कुशल माणसे कुठून आणायची? तळेगावच्या कारखान्याचे वैशिष्ट्य असे, की तो माल काढणारा कारखाना होता आणि शिकवणारी शाळाही होती. त्याची धुरा ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे होती. ते उत्तर भारतातले. जपानमध्ये काचकाम पाहून ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकले होते. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोई येथे स्वतंत्र काच कारखाना उभारला. तळेगावात तयार झालेली माणसेही देशभरच्या काच कारखान्यांत पसरली. १९१४मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल थांबला, तेव्हा भारतीय कारखान्यांना संधी मिळाली. त्याच काळात, १९१६मध्ये, औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला. त्याच्या ‘प्रभाकर’ कंदिलाने पुढे मराठी घरांत किती वर्षे उजेड दिला, हे वाचकांना सांगायला नको.

पैसा फंडाकडे आपण सहसा स्वदेशीच्या इतिहासातला एक भावुक प्रसंग म्हणून पाहतो. मला त्याचा अर्थ अधिक रोखठोक वाटतो. एका घराला न पेलणारी आग हजारो घरांनी वाटून घेतली. पैसा देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती भट्टी कधी पाहिलीही नसेल. पण तिथे शिकाऊ पोराने वाकडी फुंकलेली प्रत्येक चिमणी त्यांच्या पैशावर वाकडी झाली होती. शिकण्याचा तोटा सोसणारे कोणीतरी लागते. मातीत तो तोटा बाप सोसतो. काचेत तो समाजाला सोसावा लागला.

हाच प्रश्न अर्धशतकाने अमेरिकेत वेगळ्या अंगाने पुढे आला. तिथे कारखाने भरपूर होते, पण कलावंताला स्वतःच्या हाताने काच फुंकायला जागा नव्हती. तो कागदावर चित्र काढी आणि कामगार ते घडवी. १९६२मध्ये ओहायो राज्यातल्या टोलीडो संग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन या कुंभारकामाच्या शिक्षकाने छोटी भट्टी उभारून कार्यशाळा घेतली. पहिले मिश्रण नीट वितळलेच नाही. मग डॉमिनिक लाबिनो या तंत्रज्ञाने काचतंतू बनवण्यासाठी वापरतात त्या काचेच्या गोट्या वितळवण्याचा सल्ला दिला आणि काम जमले. भट्टी लहान झाली, ती विद्यापीठांत आणि खासगी शाळांत गेली. पण विझवता येईल एवढी लहान काही झाली नाही. म्हणून पुढे सामायिक स्टुडिओ निघाले. न्यूयॉर्कमध्ये १९७७मध्ये सुरू झालेल्या अशा एका संस्थेत, आज अर्बनग्लास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टुडिओत, कलावंत भट्टीचे तास भाड्याने घेतात. पैसा फंडाचेच गणित, फक्त पैशाऐवजी तासांच्या हिशेबाने.

आता पुन्हा आपल्याकडे वळू. पेणमध्ये आकाराची उत्तम जाण असलेले शेकडो हात आहेत. हे हात एका वस्तूवर आणि वर्षातल्या एका सणावर अवलंबून आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०मध्ये पीओपीच्या मूर्तींविरुद्ध सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हापासून हे अवलंबित्व किती नाजूक आहे ते साऱ्यांना जाणवले आहे. पलीकडे रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि जिथे रसायने तिथे प्रयोगशाळेतली काच आलीच. या भागात सामायिक काच-स्टुडिओ काढावा असे कोणाच्या मनात आले, तर इतिहास त्याला काही क्रम सुचवतो.

आधी छोटी ज्योत. गॅस आणि ऑक्सिजनच्या टेबलावरच्या बर्नरवर तयार काचेच्या कांड्या वितळवून मणी, छोट्या आकृती, नळ्यांचे जोड करता येतात. काम संपले की बर्नर बंद. प्रयोगशाळेची उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर याच ज्योतीवर काम करतो. तो बोरोसिलिकेट काच वापरतो, जी उष्णतेने साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते. या दोन काचा एकमेकींना जोडता येत नाहीत, निवताना सांधा फुटतो, हे पहिल्याच आठवड्यात शिकायचे. दुसरी पायरी विजेच्या भट्टीची, जिच्यात सपाट काचेचे तुकडे एकमेकांवर ठेवून वितळवून एकजीव करतात. साच्याचे काम जाणणाऱ्या पेणच्या हातांना ती सर्वांत जवळची. फुंकण्याची मोठी भट्टी तिसरी, आणि ती पेटवण्याआधी एकच हिशेब मांडायचा. ती किती तापेल, किती भांडी निघतील, ती कितीला विकली जातील, हे नंतरचे. रात्री दोन वाजता, कारखान्यात कोणी नसताना, जी आग जळत राहील तिचे पैसे दर महिन्याला कोण देणार, आणि किती जण मिळून देणार, याची यादी आधी तयार हवी. तळेगावला ती यादी फार लांब होती, आणि तिच्यातली प्रत्येक रक्कम एक पैसा होती.