साडेचार गिरक्यांचा हिशेब

मुक्कीच्या फाटकापलीकडे, कान्हाच्या कुरणांवर पौषात दहिवर गोठतं आणि सकाळी गवताची पाती पांढरी दिसतात. आम्हा बैहरकरांचा बर्फाशी संबंध एवढाच. देशातही परिस्थिती फार वेगळी नाही. शिमल्यात १९२० पासून उघड्यावर पाणी गोठवून केलेली रिंक आहे, तर डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक उभी राहिली. म्हणून फिगर स्केटिंग आपल्याला दिसतं ते चार वर्षांतून एकदा, टीव्हीवर, तेही चॅनेल बदलताना. पण या खेळातली एक कारकीर्द सविस्तर समजून घ्यावी अशी आहे. ती जपानच्या युझुरू हान्यूची. पदकांचा ढीग त्याच्याकडे आहेच, पण त्याचं खरं मोठेपण मला दिसतं ते त्याने जिथे पदक गमावलं तिथे.

आधी गुणांची रीत. मल्लखांबात पंच जसे अवघडपणा आणि सफाई दोन्ही पाहतात, तसंच इथेही. प्रत्येक उडीला ठरलेली किंमत असते. ती किती सुबक झाली यावर जज त्यात भर घालतात किंवा काटतात. शिवाय संगीत, पदन्यास, एकूण सादरीकरण यांचे गुण वेगळे. एक छोटा कार्यक्रम, एक मोठा, आणि दोन्हींची बेरीज. खेळाडू सतत या बेरजेचा विचार करत असतो.

हान्यूचा जन्म ७ डिसेंबर १९९४ चा, सेंदाई शहरातला. पोराला दमा. थोरल्या बहिणीच्या मागोमाग तो चौथ्या वर्षी बर्फावर आला. त्याचे लहानपणीचे प्रशिक्षक शोइचिरो त्सुझुकी. १९७७ मध्ये जपानला पुरुषांचं पहिलं जागतिक पदक मिळवून देणारा मिनोरू सानो त्यांचाच शिष्य. ॲक्सेल म्हणजे उड्यांचा राजा, हे हान्यूच्या मनात त्यांनीच भरवलं. बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात. ॲक्सेल तेवढी समोर तोंड करून घ्यायची आणि उतरायचं मात्र पाठमोरं. म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त. चौपट ॲक्सेल म्हणजे हवेत साडेचार गिरक्या.

सेंदाईची रिंक पैशाअभावी बंद पडली होती. त्याच शहरात घडलेल्या शिझुका अराकावाने २००६ मध्ये तुरीनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं आणि २००७ मध्ये रिंक पुन्हा उघडली. २०१० मध्ये पंधरा वर्षांचा हान्यू द हेगला कनिष्ठ विश्वविजेता झाला. त्याच वर्षी दाइसुके ताकाहाशीने व्हँकुव्हरला कांस्य मिळवून आशियाई पुरुषांचं या प्रकारातलं ऑलिंपिक खातं उघडलं. जपानी पुरुष आता रांगेत उभे नव्हते, दारात पोचले होते.

११ मार्च २०११ ला मोठा भूकंप झाला, तेव्हा हान्यू रिंकवर सराव करत होता. पायातले स्केट न काढताच तो बाहेर धावला. कुटुंबाने पुढचे काही दिवस निवारा केंद्रात काढले. रिंक बंद झाली. मग तो गावोगावच्या आइस शोमध्ये उतरू लागला, कारण सरावाला बर्फ तिथेच मिळत होतं. पुढच्याच वर्षी नीसच्या जागतिक स्पर्धेत छोट्या कार्यक्रमानंतर सातवा असलेला हा मुलगा कांस्यपदकापर्यंत चढला. त्यानंतर तो टोरोंटोला प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांच्याकडे गेला. हे स्वतः दोन ऑलिंपिक रौप्यांचे मानकरी. आपल्या आत्मकथेचं मानधन हान्यूने सेंदाईच्या रिंकला देऊन टाकलं.

सोची, २०१४. छोट्या कार्यक्रमात १०१.४५. ऑलिंपिकमध्ये शंभरी ओलांडणारा तो पहिलाच. मोठ्या कार्यक्रमात मात्र सुरुवातीलाच आपटला, पुढे आणखी एकदा कोसळला. पण तीन वेळचा विश्वविजेता पॅट्रिक चॅनही चुकला. २८०.०९ विरुद्ध २७५.६२. एकोणिसाव्या वर्षी हान्यू पुरुष एकेरीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा पहिला आशियाई ठरला. सुवर्ण हाती होतं, पण ते असं अडखळत मिळालं याची रुखरुख त्याने लपवली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात शांघायला सरावाच्या मिनिटांत चीनच्या हान यानशी त्याची जोरदार टक्कर झाली. डोक्याला पट्टी गुंडाळून तो उतरला, पाच वेळा पडला आणि तरी दुसरा आला. हे धाडस की अविचार, यावर जपानमध्ये बरंच बोललं गेलं. अविचारच म्हणावा असं मला वाटतं. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बर्फावर सोडू नये.

२०१५ च्या अखेरीस त्याने खेळाची मोजपट्टीच हलवली. नागानोला ३२२.४०. तीनशेच्या वर तोवर कुणीच गेलं नव्हतं. दोन आठवड्यांनी बार्सिलोनात ३३०.४३. या मोठ्या कार्यक्रमाचं नाव 'सेइमेइ'. हेइआन काळातल्या आबे नो सेइमेइ या ज्योतिषाचं हे रूप. नोह आणि क्योगेन या जपानी नाट्यप्रकारांच्या परंपरेतली ठेहरावाची शिस्त त्यात होती. दोन बोटं ओठांजवळ आणून तो स्तब्ध उभा राहतो आणि मग बासरीच्या पहिल्या सुरावर निघतो. पाश्चात्त्य ऑपेरावर वाढलेल्या या खेळात त्याने आपल्या मातीतलं नाट्य आणलं आणि जजांनी ते उचलून धरलं.

२०१७ च्या नोव्हेंबरात ओसाकाला चौपट लुट्झ उडीच्या सरावात उजवा घोटा दुखावला. थेट प्योंगचांगच्या ऑलिंपिकमध्येच तो पुन्हा स्पर्धेत दिसला. त्याच 'सेइमेइ'वर एकूण ३१७.८५ गुण आणि सुवर्ण. दुसरा आला त्याचाच देशबंधू शोमा उनो. लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं यापूर्वी शेवटची मिळवली होती ती अमेरिकेच्या डिक बटनने, १९४८ आणि १९५२ मध्ये.

आणि मग नियम बदलले. सफाईच्या गुणांची पट्टी उणे तीन ते अधिक तीन होती, ती उणे पाच ते अधिक पाच झाली. जुने सगळे विक्रम इतिहासजमा होऊन नवी यादी सुरू झाली. ३३०.४३ हा आकडा कपाटात गेला. चौपट ॲक्सेलची किंमत १५ वरून १२.५ वर आली. चौपट लुट्झला आता ११.५. म्हणजे जगात कुणी न उतरवलेल्या उडीसाठी जास्तीचा मोबदला फक्त एका गुणाचा. ज्याला बेरीज कळते त्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असंच हे कोष्टक सांगत होतं. हान्यूने नेमकी तीच उडी धरली.

बीजिंग ऑलिंपिक, फेब्रुवारी २०२२. छोट्या कार्यक्रमात साल्को उडीच्या क्षणी त्याच्या स्केटचं पातं बर्फातल्या खाचेत अडकलं. चार गिरक्यांची एकच झाली. ९५.१५ गुण, आठवा क्रमांक. मोठ्या कार्यक्रमात सुरुवातीलाच त्याने चौपट ॲक्सेल घेतली. गिरकी किंचित अपुरी राहिली, तो पडला. पण निकालपत्रात ती उडी चौपट ॲक्सेल म्हणूनच नोंदली गेली, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धेत पहिल्यांदाच. एकूण २८३.२१, चौथा क्रमांक. नेथन चेन पहिला, युमा कागियामा दुसरा, उनो तिसरा. चौपट ॲक्सेल सोडली असती तर कदाचित पदक आलंही असतं.

१९ जुलै २०२२ ला त्याने स्पर्धेला रामराम ठोकला. दोनच महिन्यांत अमेरिकेच्या इलिया मालिनिनने चौपट ॲक्सेल स्वच्छ उतरवली. म्हणजे उडी शक्य होती. फक्त तिचा भाव एवढा कमी असताना सत्ताविसाव्या वर्षी, दुखऱ्या घोट्यासह, दोन सुवर्णं गाठीशी असताना तिच्यामागे लागायला दुसरं कुणी तयार नव्हतं. खेळात गुण मोजावेच लागतात, त्याशिवाय खेळ चालणार नाही. पण कशासाठी खेळायचं, हे कोष्टक ठरवत नाही. हान्यूचा चौथा क्रमांक मी त्याच्या दोन सुवर्णांच्या शेजारी ठेवतो तो याचसाठी.